जॅब, क्रॉस, हुक आणि मधला अर्धा ठोका

आमच्या क्लबातल्या पोरी मला चिडवतात की ताईला एकच कॉम्बिनेशन येतं, आणि ते फारसं खोटं नाहीये. जॅब, क्रॉस, लेफ्ट हुक. वन-टू-थ्री. कुठल्याही बॉक्सिंग क्लबात गेलात तरी हे तीन पंच सुरुवातीलाच शिकवतात, यात गुपित काही नाही, यूट्यूबवर ढिगाने व्हिडिओ पडलेत. मग मी याच तिघांवर एक अख्खा पावसाळा, पुढची थंडी आणि वर उन्हाळा का घालवला, तर तेच सांगायला बसलेय. हात शिकायला थोडे दिवस पुरतात, बाकीचा सगळा वेळ पाय खातात आणि टायमिंग खातं. नॉकआऊट होतो तोही या दोघांमुळे, दंडाचा वाटा लोकांना वाटतो त्याहून बराच कमी.

मी भोसरीची. भोसरीत वाढून शाळेत कबड्डी खेळली नाही अशी पोरगी सापडणं कठीण, मीही खेळायचे, डाव्या कोपऱ्यात असायचे. मग कॉलेज, नोकरी, दिवसभर खुर्ची, वाढलेलं वजन, नेहमीचीच गोष्ट. बॉक्सिंगला आले ती वजन उतरवायला, राहिले ती सरांमुळे.

सर आर्मीतून रिटायर झालेले, मूळचे माण तालुक्यातले, तरुणपणी सर्व्हिसेसकडून, म्हणजे सैन्यदलांच्या टीमकडून, खेळलेत, बोलणं अजून पक्कं साताऱ्याकडचं. सुरुवातीला बरेच दिवस त्यांनी मला ग्लोव्ह घालूच दिले नाहीत. फरशीवर खडूची लांब रेघ, डाव्या पायाची बोटं रेघेच्या एका अंगाला, उजवा पाय दुसऱ्या अंगाला आणि त्याची टाच उचललेली, आणि दोन्ही हात ट्रॅकपँटच्या खिशात. "हात खिशात घातला की माणूस पायानं इचार करतो," असं त्यांचं म्हणणं. मग त्या रेघेवरून पुढं, मागं, डावीकडे, उजवीकडे. जिकडे जायचं त्या बाजूचा पाय आधी हलणार आणि दुसरा तेवढाच सरकत मागून येणार, दोन्ही पाय एकमेकांना चिकटणार नाहीत आणि एकमेकांना ओलांडणार तर मुळीच नाहीत. का ते समजावून सांगायच्या भानगडीत सर पडले नाहीत. माझे पाय जवळ आले की ते नुसतं बोटाने खांद्याला टोचायचे आणि मी दोन पावलं झोकांडत जायचे. दोन्ही पाय एकाच रेघेवर आले की बाजूने टोचायचे, दोन्ही पाय शेजारी-शेजारी आले की छातीवर टोचायचे, तर मागं कलंडायचे. ते टोचणं माझ्या डोक्यात इतकं बसलं की पुढे मी समोरच्या पोरीचे पाय बघून सांगू शकायचे की आत्ता हिला कुठून धक्का लागला तर ही जाईल. हे तेव्हा नुसतं मजेचं वाटायचं, पण खरं तर सगळं तिथेच होतं.

मग जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ पंच. पुढचा पाय आणि डावा हात एकदम निघतात इतकं सगळ्यांना माहीत असतं, पण पोचायचं कुणी आधी? मला वाटायचं पाय आधी टेकवावा, मग भक्कम उभं राहून मारावं. सर डोळे मिटून आवाज ऐकायचे. ग्लोव्हचा पॅडवर एक आवाज, बुटाचा मॅटवर एक. बुटाचा आधी आला की म्हणायचे, "गेलं जमिनीत." म्हणजे अंगाचं वजन पावलातून जमिनीत उतरलं, आता हातात राहिलं ते फक्त हाताचं. पंच लागला पाहिजे तो पाय हवेत असताना किंवा फार फार तर टेकता-टेकता, म्हणजे अंग पुढे पडत असतं ते सगळं मुठीमागे येतं. ही काय आमच्या सरांची शोधलेली गोष्ट नाही, जॅक डेम्प्सी म्हणून १९१९ ते १९२६ हेवीवेट चॅम्पियन होता, तो हेच शिकवायचा, पुढे पडा आणि पडणं संपायच्या आत मारा. वाचायला सोपं आहे. करायला गेलं की शरीर घाबरतं, कारण पुढे पडताना पाय टेकवून स्वतःला सावरणं हे आपण लहानपणापासून करत आलोय आणि इथे तेच थोडं लांबवायचं असतं. घरी सॉक्स घालून गॅलरीत प्रॅक्टिस करायचे तर आई म्हणायची, खालच्या मजल्यावरचे वर येतील आता.

क्रॉस म्हणजे मागच्या हाताचा सरळ पंच. उजव्या पायाची टाच बाहेर वळते, त्याबरोबर कंबर वळते, खांदा येतो आणि सगळ्यात शेवटी हात. यात मला आवडलेली गोष्ट अशी की क्रॉस पूर्ण गेला की तुमचं वजन आपोआप डाव्या पायावर आलेलं असतं, डावा गुडघा किंचित वाकलेला, डावी कंबर मागे गेलेली. म्हणजे लेफ्ट हुकची, डाव्या हाताने बाजूने येणाऱ्या पंचाची, तयारी तुम्ही न करताच झालेली असते. आता फक्त उलटं फिरायचं, डाव्या पायाचा चवडा वळवायचा, टाच बाहेर, वजन परत उजव्या पायावर, कोपर खांद्याच्या उंचीला आणि हात अंगाबरोबर येऊ द्यायचा, वेगळा फेकायचा नाही. उजवा, डावा, उजवा असं वजन झुलतं आणि प्रत्येक झोक्याच्या टोकाला एक पंच. हुक मारताना चवडा वळवायचा की पाय सपाट ठेवायचा यावर मोठमोठे कोच भांडतात, सपाटवाल्यांचं म्हणणं की वळवलं की पकड जाते. मला वळवूनच जमतं, माझा गुडघा त्याशिवाय कुरकुरतो, विषय संपला.

इथवर आल्यावर बॅगवर माझा वन-टू-थ्री छान वाजायला लागला. मोबाईलवर शूट करून ग्रुपवर टाकला, बदाम-बिदाम आले. सरांनी बघितला आणि म्हणाले, बॅग उभी आहे म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून बॅग हलायला लागली. सर ती जड बॅग दोन्ही हातांनी ढकलून द्यायचे आणि मला सांगायचे की ती जाताना मारायची नाही, येताना मार. येताना म्हणजे नेमकी कधी, तर लांबच्या टोकाला थांबून परत फिरली आणि वेग घेतला की. लवकर मारलं तर हात पोचत नाही, उशीर केला तर बॅगच तुमच्या अंगावर येते आणि मनगट दुमडतं. नेमकं पडलं की आवाजच वेगळा, चट असा वरवरचा नाही, आतून धप्प, आणि बॅग जागच्या जागी थबकते, साखळी तेवढी कडकडते. आणि हे करताना पाय सतत चालू पाहिजेत, कारण बॅग दरवेळी सरळ येत नाही, तिरकी येते, गोल फिरून येते, मग तुम्हाला अर्धं पाऊल डावीकडे घेऊन तिला समोर घ्यावं लागतं, मगच मारता येतं. मला वाटतं या एका ड्रिलने मला जेवढं दिलं तेवढं बाकी कशानेच नाही. जोर तोच होता, पण समोरचं वजन तुमच्याकडे येत असताना मारलं की दोन्ही वेग मिळून लागतात, आणि हे वहीत लिहून कळत नाही, मनगटात कळतं.

आता टायमिंग म्हणजे काय यावर थोडं, कारण टायमिंग टायमिंग सगळे म्हणतात. काहीतरी दिसल्यावर हलायला माणसाला साधारण पाव सेकंदाच्या आसपास लागतो, जरा कमीच धरा. चांगला सरळ पंच त्याच्या आत किंवा तेवढ्यातच पोचतो. म्हणजे पंच दिसला म्हणून कुणी चुकवत नाही, पोचेपर्यंत वेळच नसतो. चुकवतात ते अंदाजाने. समोरच्याचा खांदा, पाय, श्वास आणि सगळ्यात जास्त म्हणजे त्याचा ठेका बघून आपलं अंग आधीच ठरवत असतं की आता येणार. त्यामुळे तुम्ही कितीही फास्ट असा, एकाच ठेक्यात मारत राहिलात की एका राऊंडमध्ये समोरचीला तुमचा ठेका पाठ होतो आणि मग तुमचा वेग काही कामाचा नाही.

सर टाळ्या वाजवून शिकवायचे. टक, टक, टक असे सारख्या अंतराचे तीन पंच. बरेच दिवस हेच, मुद्दाम. मग एक दिवस टक, आणि थांबले, आणि टक-टक. मधला तो अर्धा ठोका. जॅब टाकायचा, समोरची गार्ड, म्हणजे तोंडापुढे धरलेले हात, वर घेते आणि क्रॉसची वाट बघते, क्रॉस येत नाही, तिचं अंग म्हणतं संपलं, गार्ड जरा सैल, पाय परत जागेवर आणायला उचलला, आणि तेव्हा टू-थ्री. थांबायचं म्हणजे पुतळ्यासारखं उभं राहायचं नाही हे महत्त्वाचं, त्या अर्ध्या ठोक्यात पाय एक छोटंसं पाऊल खातात, बोटभर पुढे, म्हणजे हात थांबलेत पण अंतर कमी होतंय. समोरची बघते हाताकडे आणि फसते पायाने.

पाय उचलला तेव्हा, हे वाचून ज्यांनी कबड्डी खेळलीय त्यांना हसू आलं असेल. कोपऱ्यातल्या खेळाडूला पहिली गोष्ट हीच शिकवतात की रेडरचा पाय हवेत असताना घोट्याला जाऊ नकोस, तो टेकून त्याच्यावर वजन आलं की मग जा, वजन आलेला पाय त्याला लगेच उचलता येत नाही. बॉक्सिंगमध्ये मला तीच नजर कामी आली, एवढंच की इथे दोन्ही वेळा चालतात. पाय हवेत असेल तर तिच्याकडे आधार नाही, पाय नुकताच टेकला असेल तर ती त्याच्यावर अडकलेली आहे, ना मागे जाता येत ना बाजूला. वाईट वेळ एकच, दोन्ही पाय टेकलेले, गुडघे सैल, वजन मधोमध. तेव्हा तुम्ही हातोडा मारा, काही होत नाही.

सरांनी मला आणखी एक उद्योग लावला. मोबाईलवर जुन्या फाइट्स बघायच्या, पण स्क्रीनचा वरचा अर्धा भाग हाताने झाकून. फक्त पाय. सुरुवातीला फार कंटाळवाणं वाटतं, नंतर सवय लागते, आता मला उलट बघता येत नाही.

शुगर रे रॉबिन्सन आणि जीन फुलमर, १ मे १९५७, शिकागो, पाचवी फेरी. त्याच वर्षी जानेवारीत फुलमरने रॉबिन्सनला हरवून मिडलवेटचा किताब घेतला होता आणि तोवर त्याला कुणीही नॉकआऊट केलेलं नव्हतं, दगड होता तो. रॉबिन्सन आधी उजव्याने अंगावर मारतो, फुलमर पुढे येतच राहतो कारण त्याची पद्धतच ती, आणि रॉबिन्सन मागे सरकता-सरकता मधेच पाय रोवून छोटा लेफ्ट हुक टाकतो. पायांकडे बघितलं की कळतं, मागे जाणारा माणूस थांबला आणि पुढे येणारा थांबला नाही, एवढंच झालंय. उरलेलं काम फुलमरच्या स्वतःच्या वेगाने केलं.

नाओया इनोउए आणि हुआन कार्लोस पायानो, ७ ऑक्टोबर २०१८, योकोहामा. सत्तर सेकंदात संपली, आणि त्या सत्तर सेकंदांतही बहुतेक वेळ इनोउए काहीच करत नाही असं वाटतं. हात झाकून बघा. पुढचा पाय सारखा मोजतोय, बोटभर आत, बोटभर बाहेर. पायानो डावखुरा, उजवा पाय पुढे ठेवणारा, म्हणजे दोघांचे पुढचे पाय एकमेकांसमोर, आणि मग एक जॅब गार्डच्या आतून, जो मुळात डोळे झाकायला टाकलाय, आणि त्याच्या पाठोपाठ सरळ उजवा. दोन पंच. पायानो पाठीवर. त्याआधी त्यालाही कुणी कधी थांबवलेलं नव्हतं.

आणि हुआन मॅन्युएल मार्केझ आणि मॅनी पॅकियाव, ८ डिसेंबर २०१२, लास व्हेगास, सहावी फेरी संपायला एक सेकंद. पॅकियावचा वेग कुणाच्याही आवाक्यातला नव्हता, दोघांची ती चौथी फाइट होती आणि मार्केझने तितक्या फेऱ्या त्याच्याबरोबर काढून त्याचा तो आत उडी घ्यायचा ठेका पाठ केला होता असं मला तरी दिसतं. पॅकियाव पाऊल टाकून आत येतो आणि मार्केझचा छोटासा उजवा तिथे आधीच हजर असतो. किती छोटा पंच आहे तो. पण एक माणूस पूर्ण वजनाने त्याच्यावर येऊन आदळला.

मोहम्मद अली आणि जॉर्ज फोरमनच्या फाइटबद्दल सगळ्यांना माहितीये, ३० ऑक्टोबर १९७४, किन्शासा, आठवी फेरी, त्यामुळे जास्त लिहीत नाही, पण शेवटचं कॉम्बिनेशन बघताना हे बघा की अली दोरांवरून बाहेर निघतो आणि फोरमनला त्याच्यामागे वळावं लागतं, आणि दमलेला माणूस वळताना त्याचे पाय काय करतात. डावा हुक डोकं वर आणतो, मग सरळ उजवा. डाव्याचं काम पाडायचं नव्हतंच.

आता जरा नको वाटणारा भाग. हनुवटीवर किंवा जबड्याच्या बाजूला बसलेला पंच डोकं झटक्यात फिरवतो, कवटी फिरते आणि आतला मेंदू मागे राहतो, त्यात जो ताण बसतो त्याने दिवे जातात. पंच येताना दिसला तर मान आपोआप आवळली जाते आणि डोकं कमी फिरतं, न दिसलेल्या पंचाला मान सैल सापडते. म्हणून हुक इतके लोक पाडतो, तो नजरेच्या कडेने येतो आणि क्रॉसने नजर समोर बांधून ठेवलेली असते. म्हणजे आपण ज्याला टायमिंग म्हणून वाहवा करतो ती मेंदूला झालेली इजा आहे, हे मला माहीत आहे आणि तरी मी रोज सकाळी जाते, याचं उत्तर मला विचारू नका. आमच्याकडे स्पॅरिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, मोठे जाड ग्लोव्ह, हेडगार्ड, आणि डोक्यावर जोरात मारणाऱ्याला सर सरळ घरी पाठवतात. नॉकआऊट पंच शिकताना तो क्लबात कुणावर वापरायचा नसतो, सगळं खांद्याला टच करून. समोरचीच्या डाव्या खांद्याला, उजव्या खांद्याला, ग्लोव्हने नुसता स्पर्श, आणि पाय मात्र खरे. हा खेळ दिसायला पोरकट आहे, पाच मिनिटांत जीभ बाहेर येते.

स्पॅरिंगमध्ये माझी जोडी एका कॉलेजच्या पोरीबरोबर लागायची, डावखुरी, माझ्यापेक्षा बारीक, तोंडाने सारखं ताई ताई. माझा सगळा अभ्यासाचा वन-टू-थ्री हिच्यापुढे कोलमडला. डावखुऱ्या माणसाचा उजवा पाय पुढे असतो, माझा डावा पुढे, दोघींचे पाय सारखे एकमेकींवर आपटतात, माझा जॅब तिच्या पुढच्या हातावर अडतो, आणि ती तेवढ्यात स्वतःचा पुढचा पाय माझ्या पायाच्या बाहेरच्या बाजूला ठेवून मोकळी होते. पाय बाहेर ठेवला की तिचा डावा हात थेट माझ्या तोंडासमोर आणि माझा उजवा भलतीकडेच. अशात एकदा मी जॅब टाकत आत गेले, माझं पाऊल टेकलं आणि त्याच क्षणी तिचा डावा माझ्या पोटात उजव्या बरगडीखाली बसला. लिव्हर. डोक्यावर लागलं तर दिवे जातात, इथे दिवे चालू राहतात. पहिला एक क्षण काहीच होत नाही, तुम्हाला वाटतं हॅ, इतकंच, आणि मग पाय तुमचे राहत नाहीत. मी गुडघ्यावर. सगळं दिसतंय, सगळं ऐकू येतंय, "ताई सॉरी ताई सॉरी" चाललंय, आणि मला श्वास घ्यायची परवानगी नाही असं काहीतरी. सर आले, वाकून बघितलं, आणि पहिलं वाक्य काय तर, "पाऊल टेकलं तवा बसला बघ. ध्यानात ठेव."

ध्यानात राहिलं. इतके महिने मी जे दुसऱ्याला करायला शिकत होते ते मला आतून कसं लागतं हे कळलं, आणि त्यानंतर माझ्या फुटवर्कचा टेम्पोच बदलला, पावलं छोटी झाली. मोठ्या पावलात अडकून राहायचा वेळ जास्त असतो ना, छोट्या पावलात तुम्ही कायम सुटायच्या बेतात असता.

मग एक फ्रेंडली बाउट ठरली, बाहेरच्या एका क्लबाशी, ६० किलोत. बायकांच्या बाउटला हेडगार्ड असतोच, दहा औंसचे ग्लोव्ह, तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या. समोरची माझ्याहून उंच, साध्याच स्टान्सची म्हणजे डावा पाय पुढे, आणि जॅब चांगला लांब. पहिली फेरी मी हरले असणार, तोंडावर जॅबच जॅब खाल्ले. पण मी तिचे पाय बघत होते. म्हणजे डोळे छातीवरच, खाली बघितलं तर मेलात, पण बाजूच्या नजरेत पाय येतात. ती नेहमी दोन जॅब टाकायची आणि दुसऱ्या जॅबनंतर पुढचा पाय किंचित उचलून मागे ओढायची, परत अंतर घ्यायला. दरवेळी. एक, दोन, पाय मागे.

कोपऱ्यात सर्वांसारखं सरांनी पाणी दिलं, व्हॅसलिन लावलं आणि मी काही बोलायच्या आत म्हणाले, दिसलं का? म्हटलं दिसलं. मग गप्प बसले, दुसऱ्या कुठल्या कोचने लेक्चर दिलं असतं.

दुसऱ्या फेरीत मी आधी तिला माझा ठेका शिकवला. टक, टक, टक. जॅब-क्रॉस-हुक, सारख्या अंतराने, हलके, गार्डवरच लागू दिले. ती आरामात अडवत होती, तिच्या कोपऱ्यातून "शाब्बास शाब्बास" येत होतं. अजून एकदा तेच. मग तिचे दोन जॅब आले, पहिला मी हाताने बाजूला केला, दुसऱ्यावर डोकं थोडं बाहेर नेलं, आणि माझा जॅब टाकला. तिने गार्ड उचलली, क्रॉसची वाट बघितली. मी अर्धा ठोका थांबले, पावलाने बोटभर आत. तिचा पुढचा पाय उचलला. टू गार्डवर गेला, पूर्ण बसलाही नाही, पण दोन्ही हात मध्ये आले, आणि थ्री बाजूने.

हाताला काहीच लागलं नाही. हे मी बऱ्याच जणांकडून ऐकलं होतं आणि मला ती फुशारकी वाटायची, पण खरंच, बॅगवर याच्या तिप्पट धक्का जाणवतो. मला वाटलं चुकला. रेफ्री मध्ये आला तेव्हा मी अजून गार्ड घेऊनच उभी होते, मग बघितलं तर ती बसलेली, हवेतला पाय टेकायला जागाच मिळाली नाही त्याला, तशीच मागे बसली. रेफ्रीने मोजायला सुरुवात केली, ती लवकर उठली, पण उठलं तरी आठपर्यंत मोजतातच, आणि आठला त्याने तिच्या डोळ्यांत बघितलं आणि हात हलवून थांबवली बाउट. मला बरं वाटलं थांबवली ते. तिचे पाय मी बघितले होते, ते परत जागेवर आलेच नव्हते.

नंतर डॉक्टरांनी तिला तपासलं, चांगली बोलत होती, हसत होती, माझ्याबरोबर फोटो काढला. अशा वेळी कमीत कमी ३० दिवस स्पॅरिंग नाही असा नियम असतो आणि तिचे कोच तिला तेच समजावत होते आणि ती तोंड वाकडं करत होती. मी तिला सांगितलं की तो नियम पाळ, घाई करू नको. आणि तिच्या पायाचं सांगू की नको असं झालं, खेळात असं सांगतात का माहीत नाही, पण सांगितलं, की दुसऱ्या जॅबनंतर तू पाय ओढतेस. ती म्हणाली, हो का, मला कधी कुणी बोललंच नाही. तिच्या कोचने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्या घरात शिरून फ्रिज उघडला.

घरी येताना गाडीवर मागे बसून मोबाईलवर तो व्हिडिओ बघत होते, पाव स्पीडवर. जोराचं म्हणाल तर आधीच्या दोन गार्डवर लागलेल्या हुकपेक्षा हा कमीच होता, हाताचा वेगही तोच. फरक फक्त कधी लागला यात. तिची टाच जमिनीपासून चार बोटं वर आहे आणि माझा डावा चवडा वळतोय, त्या एकाच फ्रेममध्ये ग्लोव्ह हेडगार्डला टेकलाय. पुढच्या चार फ्रेम उशीर झाला असता तर ती दोन्ही पायांवर असती आणि तो पंच तिने सहज पचवला असता.

सरांनी तो व्हिडिओ बघितला तो मात्र हुकच्या नंतरचा. हुक लागल्यावर माझं वजन उजव्या पायावर, डावा पाय मोकळा, आणि मी तिथेच उभी. "ही पडली म्हणून ठीक. न्हाई पडली तर?" हुकनंतर मोकळा झालेला डावा पाय उगाच नसतो, तो निघायसाठी आहे, डावीकडे बाहेर टाकायचा आणि त्याच्यावर गरकन वळायचं, म्हणजे तिचा उजवा हात जिथे येणार तिथे तुम्ही नसता आणि ती वळेपर्यंत तुमच्यासमोर तिची बाजू उघडी असते. म्हणजे वन-टू-थ्री आणि पाय. अली दोरांवरून जसा निघाला तसंच काहीसं, फक्त मारून झाल्यावर.

सध्या तेवढंच चाललंय. परत खडूची रेघ, परत हात खिशात, आणि समोर तीच डावखुरी पोरगी, जिच्यापुढे डावीकडे निघायचं म्हणजे तिच्या डाव्या हातापासून लांब जाणं, त्यामुळे हिच्यापुरतं तरी ते सोयीचं पडतं, पण पाय बाहेरून न्यायला तिने जागा दिली तर. देत नाही. ताई ताई करते आणि पाय आधीच तिथे ठेवून मोकळी होते.